सात अंशांच्या आसपास

डर्व्हला दर ऑक्टोबरात येते,
इंजिन बंद न करताच काच खाली घेते:
"यंदा तरी घ्यावेत का रे, फिनबार, थंडीचे टायर?"
आणि मी, ज्याचं पोट टायरवर चालतं,
तेलकट बोटांनी कपाळ खाजवतो.

इथे समुद्र गरम पाण्याची पिशवी घेऊन
गावाच्या पायथ्याशी झोपतो.
डिसेंबरातही कुंपणाला फ्यूशियाची चारदोन लाल फुलं,
पोस्टाच्या दारात एक ताडाचं झाड,
दर वादळात फाटणारं, दर वादळानंतर उभं.
बर्फ पडतो तो टीव्हीत, दुसऱ्यांच्या देशात.

सात अंशांखाली रबर आखडतं, हे मला पाठ आहे.
आणि आमचा हिवाळा बसून असतो आठवर,
उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखा.
आत येत नाही,
निघतही नाही.

मग हिशेब.
चार टायर, चारशे ऐंशी युरो.
वर्षातून दोनदा चढवणं-उतरवणं, त्याचे वेगळे.
आणि काढलेले चार ठेवायचे कुठे?
तिच्या शेडमध्ये बापाची होडी आहे,
पालथी, एकोणीस वर्षं.
ती हलवणं म्हणजे नुसतं लाकूड हलवणं नव्हे.
हे सगळं कशाला? वर्षातल्या चार पहाटांसाठी,
फार तर पाच.
"म्हणजे पहाटेमागे शंभर," ती म्हणते.
"त्यापेक्षा मी अंथरुणात पडून राहीन."

ती पडून राहणार नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक.
ती सुईण आहे.
मुलं थर्मामीटर बघून येत नाहीत.

कॉन्सेप्टा हेगर्टीला मी सांगितलं होतं:
नकोत, बाई, पैसे वाया जातील.
प्रामाणिकपणे सांगितलं होतं.
अकराव्या दिवशी, आल्डरच्या झाडांखालच्या वळणावर,
जिथे जानेवारीभर ऊन टेकत नाही,
रस्ता दिसत होता नुसता ओला.
गाडी वळलीच नाही.
सावकाश, ती सांगते, फार सावकाश,
कुणी खुर्ची मागे सरकवावी तशी
ओढ्यात उतरली.
तिला ओरखडा नाही.
मागच्या सीटवर तीन मजली केक होता,
दुपारच्या लग्नाचा.
ती नवरी आजही दुकानात दिसली
तर माझ्याशी हवामानावर बोलत नाही.
आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही.

तेव्हापासून मी "नकोत" म्हणत नाही.
"घ्या" म्हणायला जावं
तर माझ्याच आवाजाला गल्ल्याचा खुळखुळाट येतो.

गेल्या फेब्रुवारीत, पहाटे पाचला,
डर्व्हलाने टेकडीच्या माथ्यावर गाडी थांबवली.
खाली एक खिडकी तेवढी उजळलेली,
मधला उतार काचेसारखा.
तिने बुटांवरून लोकरीचे मोजे चढवले,
बॅग छातीशी धरली,
आणि कुंपणाला धरून धरून उतरत गेली,
दीड किलोमीटर.
पोर सहा चाळीसला झालं. मुलगी.
हे डर्व्हलाने नाही सांगितलं.
मुलीचा आजा पंक्चर काढायला आला, त्याने सांगितलं,
दोनदा.

"मोजे आठ युरोला मिळाले होते,"
आज मी विषय काढल्यावर ती म्हणाली,
आणि हसली, आणि हसता हसता
डावा गुडघा चोळला.
एकावन्न पूर्ण. मला माहीत आहे, आम्ही एका वर्गात होतो.

मी विचारणार होतो, चढणीला काय केलंस?
आणि मुलाला श्वास येत नसता तर?
पण असं काही टायरच्या दुकानात विचारत नाहीत.
बाहेर रिमझिम होती, नऊ अंश,
मेंढ्या ओल्या, कुणालाच घाई नाही.

"बघू," ती म्हणाली,
आणि काच वर गेली.

आत, कॉम्प्रेसरच्या मागे,
तिच्या मापाचे चार टायर आहेत,
खडूने वर "ड" लिहिलेले.
दर सप्टेंबरात मी ते मागवतो.
दर मार्चात ओल्या फडक्याने अक्षर पुसतो
आणि कुणाला तरी कमी भावात देऊन टाकतो.
हा हिशेब मात्र
मी तिला कधी दाखवलेला नाही.